वाचकांचे प्रश्न: रेकॉर्ड, कॅसेट, सीडी आणि मोबाइल एकाच अ‍ॅम्प्लिफायरवर

घरात एकच अ‍ॅम्प्लिफायर आणि त्याला जोडलेली तीन-चार पिढ्यांची साधनं, अशा संचाबद्दलची पत्रं या वेळी निवडली आहेत. ज्याला पत्रलेखकांनी बिघाड म्हटलं आहे, त्यातल्या बऱ्याच ठिकाणी यंत्र ठणठणीत आहे. चुकलंय ते दोन यंत्रांमधलं जोडकाम. म्हणून नवं काही विकत घेण्याआधी आवाज नेमका कुठे अडतोय, हे आधी शोधायला हवं.

प्रश्न: टर्नटेबल अ‍ॅम्प्लिफायरच्या 'ऑक्स' सॉकेटला जोडलं आहे. सीडी खणखणीत वाजते, पण रेकॉर्ड मात्र कान देऊन ऐकावी लागते. आवाज पातळ आणि चिरका येतो, तबल्याचा बायाँ तर ऐकूच येत नाही. कार्ट्रिज खराब झालं असेल का?

कार्ट्रिजला, म्हणजे सुई धरून तिची थरथर सिग्नलमध्ये बदलणाऱ्या भागाला, दोष देऊ नका. सीडी प्लेअर जास्तीत जास्त २ व्होल्टच्या आसपास सिग्नल देतो. टर्नटेबलमध्ये सर्रास आढळणारं मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिज देतं ३ ते ५ मिलिव्होल्ट, म्हणजे सुमारे चारशेपट कमी. ऑक्स सॉकेट मोठ्या सिग्नलसाठी असतं, तिथे हा सिग्नल नगण्य ठरतो.

चिरकेपणाचं कारण मात्र वेगळं आहे. रेकॉर्ड कापताना खर्ज मुद्दाम कमी करतात, नाहीतर खाचा इतक्या रुंद होतील की एका बाजूवर वीस मिनिटं मावणार नाहीत. वरचे स्वर मुद्दाम वाढवतात, म्हणजे पृष्ठभागाची खसखस त्यांच्याखाली दबते. वाजवताना हे सगळं उलट करावं लागतं. १९५४ पासून रूढ झालेल्या आरआयएए वक्राप्रमाणे (हे अमेरिकी रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेचं प्रमाण) १ किलोहर्ट्झच्या तुलनेत २० हर्ट्झला सुमारे १९ डेसिबल वाढ आणि २० किलोहर्ट्झला जवळजवळ तेवढीच घट द्यायची असते. हे काम 'फोनो' सॉकेटमागचं सर्किट करतं, ऑक्समागे ते नसतंच. बायाँ गायब झाला तो यामुळे. बेस आणि ट्रेबलच्या बटणांनी ही कसर भरून निघत नाही.

अ‍ॅम्प्लिफायरच्या पाठीमागे 'फोनो' लिहिलेली जोडी असेल तर टर्नटेबल तिथे लावा. नसेल तर मध्ये वेगळा फोनो प्रीअ‍ॅम्प्लिफायर हवा. मूव्हिंग मॅग्नेटसाठी त्याची वाढ ४० डेसिबलच्या आसपास आणि इनपुट ४७ किलोओहम असावं. मूव्हिंग कॉइल कार्ट्रिज बहुधा अर्ध्या मिलिव्होल्टपेक्षाही कमी सिग्नल देतं. त्याला ६० डेसिबलच्या आसपास वाढ आणि साधारण १०० ओहमचा भार लागतो. प्रीअ‍ॅम्प्लिफायरवर एमएम-एमसी असं बटण असेल तर ते योग्य जागी आहे ना, पाहा. मूव्हिंग मॅग्नेट चुकून एमसीवर लावलं तर आवाज फाटतो, उलट केलं तर कुजबुज ऐकू येते.

इथे दोन अपवाद आहेत. जुन्या स्वस्त रेकॉर्ड प्लेअरमध्ये सिरॅमिक कार्ट्रिज असतं. ते काहीशे मिलिव्होल्ट देतं आणि त्याला आरआयएए सर्किट लागत नाही, त्यामुळे ते फोनोला न लावता ऑक्सलाच लावायचं. दुसरा अपवाद नव्या टर्नटेबलांचा. त्यांत प्रीअ‍ॅम्प्लिफायर आतच बसवलेला असतो आणि मागे 'फोनो-लाइन' असं छोटं बटण असतं. बटण 'लाइन'वर आणि केबल फोनो सॉकेटला असेल तर वक्र दोनदा लागतो. मग आवाज घुमतो, फाटतो आणि कानठळ्या बसवतो. बटण आणि सॉकेट, दोन्हीकडे एकच शब्द हवा.

टर्नटेबलपासून फोनो सॉकेटपर्यंतची केबल दीड मीटरपेक्षा लांब ठेवू नका. मूव्हिंग मॅग्नेटला केबलची धारकता (कपॅसिटन्स) बाधते. साधारण केबलमध्ये मीटरमागे १०० पिकोफॅरडच्या आसपास धारकता असते. ती वाढत गेली की वरच्या स्वरांत आधी एक टोचणारी चढ येते आणि तिच्यापुढे सगळं झपकन उतरतं. लांब केबल टाकायचीच असेल तर ती प्रीअ‍ॅम्प्लिफायरच्या पुढच्या बाजूला टाका.

प्रश्न: काल संध्याकाळपर्यंत सगळं वाजत होतं. साफसफाईनंतर रेडिओ, सीडी, रेकॉर्ड, काहीच वाजत नाही. दिवे लागतात, स्पीकर ठीक आहेत.

समोरच्या पट्टीवरचं 'टेप मॉनिटर' बटण दाबलं गेलं आहे का ते पाहा. ते दाबलं की अ‍ॅम्प्लिफायर निवडलेल्या साधनाऐवजी टेप डेककडून परत येणारा सिग्नल ऐकवतो. डेक बंद असेल किंवा जोडलेलाच नसेल तर सगळीकडे शांतता. ते नसेल तर स्पीकर ए-बीची कळ दोन्हीकडून बंद आहे का आणि हेडफोनच्या भोकात एखादी पिन अडकली आहे का, एवढं बघा. पाठीमागे 'प्री-आउट' आणि 'मेन-इन' यांना जोडणाऱ्या धातूच्या यू-आकाराच्या दोन पट्ट्या असतील तर फडका अडकून त्यांपैकी एखादी निसटलेली असू शकते. तारेनं किंवा साध्या आरसीए केबलनंही ती जागा जोडता येते, पण संच बंद करूनच.

प्रश्न: एकेक साधन वेगवेगळं लावलं तर ठीक, सगळी जोडली की सतत 'हम्म' असा आवाज येतो. एका कारागिरानं थ्री-पिनची अर्थिंगची पिन काढून टाकायला सांगितलं. काढू का?

मुळीच काढू नका. त्या पिनेमुळेच यंत्रात गळती झाली तर करंट तुमच्या अंगातून न जाता जमिनीत जातो. हम जाईलही कदाचित, पण धातूची पेटी जिवंत होण्याचा धोका मागे उरेल.

हम शोधायला पाऊण तास लागतो. आधी आवाजाची कळ शून्यावर आणा. तरीही हम तेवढाच असेल तर दोष त्या कळीच्या पुढे, अ‍ॅम्प्लिफायरच्या आत आहे. पॉवर सप्लायचे मोठे कपॅसिटर दमले की मेन्सच्या दुप्पट कंपनसंख्येची जाडसर घरघर येते. ती केबली बदलून जाणार नाही, कपॅसिटरच बदलावे लागतील.

आवाजाच्या कळीबरोबर हम कमीजास्त होत असेल तर तो बाहेरून येतोय. संच बंद करून सगळ्या इनपुट केबली काढा, फक्त स्पीकर ठेवा. आता एकेक साधन जोडत जा. दर वेळी आवाज कमी करून, संच बंद करून केबल लावायची आणि मग ऐकायचं. ज्या साधनानंतर हम सुरू होईल, तो रस्ता आपला. बहुतेक वेळा तो केबल टीव्हीच्या किंवा छतावरच्या अँटेनाच्या कोअ‍ॅक्शिअल वायरीचा निघतो. ती वायर इमारतीच्या दुसऱ्या टोकाला जमिनीला जोडलेली असते, तुमचा अ‍ॅम्प्लिफायर भिंतीतल्या सॉकेटमधून. दोन जमिनींमध्ये थोडा जरी व्होल्टचा फरक असला तरी सिग्नलच्या केबलच्या जाळीतून करंट वाहतो आणि स्पीकर तो ऐकवतो. टीव्हीच्या मागची कोअ‍ॅक्शिअल वायर काढताच हम थांबला तर खात्री झाली. तिथे अँटेना आयसोलेटर बसवा किंवा टीव्ही ऑप्टिकल केबलनं जोडा. काचेतून किंवा प्लास्टिकमधून प्रकाश जातो, करंट जात नाही, त्यामुळे हा वर्तुळाकार रस्ता तिथेच तुटतो. सगळी साधनं एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर घेतल्यानंही पुष्कळदा काम भागतं.

फक्त रेकॉर्ड लावतानाच हम येत असेल तर टर्नटेबलपासून निघालेली बारीक मोकळी वायर पाहा. ती अ‍ॅम्प्लिफायरच्या 'जीएनडी' स्क्रूखाली घट्ट बसलेली हवी. टोनआर्मला (कार्ट्रिज धरणाऱ्या दांड्याला) हात लावल्यावर हम कमी होत असेल तर याच वायरीचा सांधा कुठेतरी सुटलाय. एकाच बाजूच्या स्पीकरमध्ये हम असेल तर कार्ट्रिजच्या मागच्या चार पिना चिमट्यानं हळूच काढून परत बसवा. लाल उजवीकडचा, हिरवा त्याचा परतीचा, पांढरा डावीकडचा, निळा त्याचा परतीचा. या पिनांना थेट सोल्डरिंगचा डाग देऊ नका, आतलं कॉइल जळतं.

आणि टर्नटेबल किंवा कॅसेट डेक अ‍ॅम्प्लिफायरच्या डोक्यावर ठेवला असेल तर आधी तो उतरवा. ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र कार्ट्रिज आणि टेप हेड दोघंही पकडतात. ३० सेंटिमीटर बाजूला सरकवल्यावर फरक ऐकू येतो. अ‍ॅम्प्लिफायरलाही डोक्यावर किमान १० सेंटिमीटर मोकळी जागा मिळते.

प्रश्न: कॅसेट डेकच्या तीन तक्रारी. काही कॅसेटींचा आवाज दबका, काहींमध्ये सूर लहरतो आणि एक-दोन कॅसेटींची टेप यंत्रानं गिळली. डेक भंगारात द्यावा का?

द्यायची घाई नको. या तिन्ही तक्रारींची कारणं वेगळी आहेत आणि तिन्ही हाताखाली येण्यासारखी आहेत.

दबकेपणापासून सुरू करू. सगळ्याच कॅसेटी दबक्या वाजत असतील तर हेडवर टेपचा तपकिरी लेप बसलाय. ९० टक्क्यांहून अधिक शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या काडीवर घेऊन हेडचा चकचकीत चेहरा आणि शेजारची बारीक पोलादी दांडी, म्हणजे कॅपस्टन, पुसा. काडी स्वच्छ निघेपर्यंत पुसायचं. रबरी पिंच रोलर साबणाच्या किंचित ओल्या फडक्यानं पुसलेला बरा, कारण वारंवार अल्कोहोल लावल्यानं काही रबरं कडक होतात. दर १५-२० तासांच्या वापरानंतर हे करावं.

मोजक्याच कॅसेटी दबक्या असतील तर आधी बटणं तपासा. डॉल्बी म्हणजे टेपची खसखस कमी करणारी सोय. डॉल्बी न वापरता भरलेली कॅसेट डॉल्बी बी चालू ठेवून वाजवली की वरचे स्वर दबतात. डॉल्बीवर भरलेली कॅसेट डॉल्बीशिवाय वाजवली की चकाकी आणि खसखस वाढते. टेपचा प्रकारही पाहा. साध्या टेपला १२० मायक्रोसेकंदांची, क्रोम आणि मेटलला ७० मायक्रोसेकंदांची इक्वलायझेशन, म्हणजे वरच्या स्वरांची दुरुस्ती, असते. क्रोम कॅसेटच्या वरच्या कडेला, मिटवण्यापासून वाचवणाऱ्या खाचेशेजारी, आणखी एक खाच असते. नव्या डेकला ती आपोआप कळते, जुन्यात बटण फिरवावं लागतं.

बटणं बरोबर असूनही दबका आवाज येत असेल तर ती कॅसेट ज्या यंत्रावर भरली त्याचं हेड तुमच्या हेडपेक्षा किंचित तिरकं होतं. याला अ‍ॅझिमथ म्हणतात. हेडच्या एका बाजूला स्प्रिंग असलेला स्क्रू दिसतो. अ‍ॅम्प्लिफायर मोनोवर करा, स्क्रूची मूळ जागा पेनानं खूण करून ठेवा, चुंबक न लागणारा स्क्रू ड्रायव्हर घ्या आणि कॅसेट चालू असताना स्क्रू थोडा थोडा फिरवा. झांजा किंवा 'स'चा उच्चार सर्वांत स्पष्ट जिथे होईल तिथे थांबा. पाव फेऱ्याहून जास्त कधी लागत नाही. मोनोवर हे करायचं कारण असं की दोन्ही बाजू जराशा जरी मागेपुढे असल्या तरी मोनोत त्यांचे वरचे स्वर एकमेकांना खातात, त्यामुळे योग्य जागा कानाला पटकन सापडते. त्या कॅसेटचं काम झालं की स्क्रू खुणेवर परत आणा.

सूर लहरणं आणि टेप गिळणं ही बहुधा एकाच जागची दुखणी असतात: रबर. बेल्ट सैल झाला की वेग डुलतो. शिवाय कॅपस्टन टेप पुढे ढकलत राहतो आणि ती गुंडाळणारं चाक मात्र दमलेलं असतं, म्हणून टेप मध्येच साठून पिंच रोलरभोवती गुंतते. बेल्ट बदलताना जुन्यावरून माप घेऊ नका, तो ताणलेला असतो. पुलींभोवती दोरा फिरवून त्याची लांबी घ्या आणि चौकोनी बेल्ट त्याहून साधारण ५ टक्के लहान घ्या. जुना बेल्ट डांबरासारखा विरघळला असेल तर तो कपड्याला लागू न देता अल्कोहोलनं पूर्ण खरवडा. पुलीच्या खाचेत राहिलेला कणही प्रत्येक फेऱ्याला सूर हलवतो. बेल्टनंतर वेग तपासा. ३१५० किंवा ३००० हर्ट्झचा स्वर भरलेली चाचणी कॅसेट लावून मोबाइलवरच्या ट्यूनरनं मोजता येतो. मोटारीच्या मागच्या बारीक भोकात वेगाचा स्क्रू असतो. ६ टक्के फरक म्हणजे सुमारे एक अर्धस्वर, तेव्हा गायकाची पट्टी काळी एक वाटायला हवी ती पांढरी दोन वाटली, तर कान खरं सांगताहेत.

सी-१२०, म्हणजे १२० मिनिटांच्या, कॅसेटी या डेकवर लावूच नका. सी-६० ची टेप १८ मायक्रॉन जाड असते, सी-९० ची १२, आणि सी-१२० ची अवघी ९. गिळली जाणारी टेप बहुधा हीच.

प्रश्न: जुन्या ७८ च्या (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या) रेकॉर्डी सापडल्या. टर्नटेबलवर ३३ आणि ४५ असे दोनच वेग आहेत. वाजवता येतील का?

तशाच लावू नका. वेगाआधी सुईचा विचार करा. एलपीच्या सुईचं टोक सुमारे १८ मायक्रॉन त्रिज्येचं असतं, ७८ च्या खाचेला ६५ ते ७५ मायक्रॉनचं लागतं. एलपीची सुई त्या रुंद खाचेच्या तळाशी साठलेल्या धुळीतून घासत जाते, खरखर ऐकवते आणि स्वतः झिजते. बऱ्याच कार्ट्रिजांना ७८ ची वेगळी सुई मिळते, ती ओढून बदलायची असते. तिचं वजन निर्मात्यानं सांगितल्याप्रमाणे, बहुधा ३ ते ५ ग्रॅम ठेवा. उलट दिशेची चूक तर कधीच नको: ७८ ची सुई किंवा ग्रामोफोनची पोलादी पिन एलपीवर टेकवली की ती एलपी गेली.

वेगासाठी तीन वेगांचं टर्नटेबल सर्वांत सोपं. ते मिळेपर्यंत रेकॉर्ड ४५ वर भरून संगणकात वेग १.७३३ पट करता येतो. पण फोनो सर्किटनं वक्र मंद वेगाच्या स्वरांना लावलेला असतो, म्हणून वेग वाढवल्यावर तो सॉफ्टवेअरनं दुरुस्त करावा लागतो. ऐकताना अ‍ॅम्प्लिफायर मोनोवर ठेवा. ७८ च्या खाचेत संगीत फक्त आडव्या हालचालीत असतं, उभ्या हालचालीतली खरखर मोनोत कटते.

धुताना अल्कोहोल वर्ज्य. एलपी विनाइलची असते, पण ७८ ची रेकॉर्ड बहुधा लाखेची असते आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. कोमट डिस्टिल्ड पाणी, भांड्यांच्या साबणाचे एक-दोन थेंब, मऊ ब्रश, लेबल कोरडं आणि लगेच पुसून उभी वाळत ठेवणं, इतकंच. हीच काळजी उचलतानाही घ्या, लाखेची रेकॉर्ड पडली तर तिचे तुकडेच होतात.

प्रश्न: एलपीवर सुई किती ग्रॅमची ठेवावी? कमी वजनानं रेकॉर्ड कमी झिजते ना?

नाही. कार्ट्रिजला नेमून दिलेल्या मर्यादेत वरच्या टोकाकडे राहा. १.५ ते २ ग्रॅम सांगितलं असेल तर १.८ ठेवा. हलकी सुई जोरकस भागात खाचेच्या भिंतीवरून उडते आणि परत आदळते, ती कडा कायमची तुटते. वजन लावताना अँटीस्केटिंग (आर्म मध्याकडे ओढला जाऊ नये म्हणून असलेली कळ) शून्यावर ठेवून आर्म आडवा तरंगेल असा तोलून घ्या, मापाची चकती शून्यावर आणा, मग हवं तेवढं फिरवा आणि अँटीस्केटिंगला तोच आकडा द्या. त्याआधी टर्नटेबल पाणसाळीनं समतल केलेलं हवं. हिऱ्याची सुई साधारण ५०० ते १००० तास टिकते. रोज एक एलपी पूर्ण वाजली तर ५०० तास सुमारे दोन वर्षांत भरतात.

प्रश्न: सीडी प्लेअर कधी 'नो डिस्क' म्हणतो, कधी सुरुवातीची गाणी वाजवून शेवटच्या गाण्यात उड्या मारतो.

सीडी आतून बाहेर वाचली जाते. सुरुवात ठीक आणि शेवटी उड्या, म्हणजे लेझर वाहून नेणाऱ्या रुळावरचं ग्रीस सुकलंय. जुनं ग्रीस अल्कोहोलनं पुसून प्लास्टिकला चालणारं पांढरं ग्रीस अगदी थोडं लावा, तांदळाच्या दाण्याएवढं पुष्कळ. 'नो डिस्क'साठी आधी हवेच्या फुग्यानं भिंगावरची धूळ उडवा, मग जेमतेम ओल्या काडीनं भिंग न दाबता पुसा. ते बारीक स्प्रिंगांवर तरंगत असतं. प्लग काढूनच हे काम करायचं. ७८० नॅनोमीटरचा तो इन्फ्रारेड किरण डोळ्याला नीट दिसत नाही, पण डोळा दुखावू शकतो.

लेझरशेजारचा बारीक स्क्रू फिरवून ताकद वाढवण्याचा सल्ला मिळेल. काही दिवस प्लेअर वाजेल आणि लेझर लवकर संपेल.

छापील सीडी वाजतात आणि घरी भरलेल्या नाहीत, असं असेल तर भरलेल्या डिस्क कमी परावर्तक असतात हे लक्षात घ्या. आरडब्ल्यू (पुन्हा पुन्हा भरता येणाऱ्या) डिस्क तर जुने प्लेअर बहुधा वाचतच नाहीत. सीडी पुसताना मध्यापासून कडेकडे सरळ पुसा, गोल नको. लेबलच्या बाजूचा ओरखडा जास्त घातक, कारण माहितीचा थर लेबलखालच्या पातळ लाखेच्या लगेच खाली असतो. डिस्क दिव्यासमोर धरल्यावर टाचणीएवढी भोकं दिसली तर तेवढी माहिती गेली.

प्रश्न: टीव्ही ऑप्टिकल केबलनं डीएसीला (डिजिटल सिग्नलचा साधा ध्वनी-सिग्नल करणाऱ्या पेटीला) आणि डीएसी जुन्या अ‍ॅम्प्लिफायरला जोडला. बातम्या ऐकू येतात, चित्रपट लावला की आवाज बंद.

टीव्हीच्या सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट 'ऑटो' किंवा 'बिटस्ट्रीम' आहे, ते 'पीसीएम' करा. चित्रपटाचा ध्वनी डॉल्बी डिजिटलच्या रूपात बाहेर पडतो आणि साध्या दोन वाहिन्यांच्या डीएसीला तो उलगडता येत नाही. पीसीएम केल्यावर टीव्हीच तो उलगडून दोन वाहिन्यांत देतो. डीएसीवर येताच बाकीच्या साधनांपेक्षा आवाज एकदम मोठा होत असेल तर तेही स्वाभाविक आहे. डीएसी २ व्होल्ट देतो, जुना ट्यूनर किंवा डेक अर्ध्या व्होल्टच्या आसपास. हा फरक १२ डेसिबलचा. डीएसीवर पातळी कमी करण्याची सोय असेल तर एकदाच जुळवून ठेवा. मोबाइल केबलनं जोडताना मात्र मोबाइलचा आवाज जवळजवळ पूर्ण ठेवा आणि कमीजास्त अ‍ॅम्प्लिफायरवर करा.

प्रश्न: दुसऱ्या खोलीसाठी स्पीकरची आणखी एक जोडी लावायची आहे. आणि जुन्या जोडीतला खर्ज हल्ली पोकळ वाटतो.

८ ओहमच्या दोन जोड्या ए आणि बीवर एकत्र चालवल्या की बहुतेक अ‍ॅम्प्लिफायरांत त्या समांतर होतात आणि अ‍ॅम्प्लिफायरला ४ ओहम दिसतात. ४ ओहमच्या दोन जोड्या २ ओहम होतात, आउटपुट ट्रान्झिस्टर जाण्याचा हा खात्रीचा मार्ग. पाठीमागे 'ए+बी' जवळ १६ किंवा ८ असा जो किमान आकडा छापलेला असतो, तो प्रत्येक स्पीकरचा आहे. त्याखाली जाऊ नका. वायरीचा जाता-येता मिळून रोध स्पीकरच्या ५ टक्क्यांच्या आत हवा, म्हणजे ८ ओहमसाठी ०.४ ओहम. १.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीचा १० मीटर अंतराला जाऊन-येऊन रोध सुमारे ०.२३ ओहम भरतो, म्हणजे पुरेसं आहे.

पोकळ खर्जाची दोन कारणं. एका स्पीकरच्या वायरी उलट असतील तर दोन्ही पडदे एकमेकांविरुद्ध हलतात आणि खर्ज खाऊन टाकतात, गायक मध्यभागी बसत नाही. वायर अ‍ॅम्प्लिफायरवरून सोडवा आणि १.५ व्होल्टच्या सेलचं धन टोक लाल वायरीला, ऋण काळीला क्षणभर टेकवा. दोन्ही वूफर, म्हणजे खर्जाचे मोठे पडदे, बाहेरच्या बाजूला उचलले पाहिजेत.

तेही ठीक असेल तर जाळी काढून वूफरच्या कडेचं गोल फोम बोटानं हलकेच दाबा. फोम १५-२० वर्षांत चुरा होतो. रबराची कड असेल तर ती बरीच जास्त टिकते. फक्त कड बदलता येते. बाहेरचा आणि आतला व्यास मोजून तशीच कड आणा, जुना गोंद पूर्ण खरवडा, आधी आतली कड पडद्याला चिकटवा आणि सुकू द्या. मग बाहेरची कड चिकटवताना हलक्या आवाजात ३० हर्ट्झचा स्वर चालू ठेवा. कॉइल तिरकी बसली तर घासल्याची खरखर लगेच ऐकू येते आणि गोंद ओला असेपर्यंत सरळ करता येते. चोवीस तास हात लावू नका.

प्रश्न: दहा वर्षं कपाटात असलेला अ‍ॅम्प्लिफायर थेट चालू करावा का?

थेट नको. इतका काळ बंद राहिलेल्या कपॅसिटरांचा आतला ऑक्साइड थर पातळ झालेला असतो. स्पीकर न जोडता सिरीज लॅम्पच्या बोर्डावर, ६० वॉटचा तारेचा दिवा मध्ये घेऊन चालू करा. एलईडी इथे उपयोगाचा नाही. दिवा क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक, उजळतच राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच बंद करा. अर्धा तास तसाच ठेवून मग मल्टीमीटरनं स्पीकरच्या टोकांवर डीसी व्होल्टेज मोजा. ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तर स्पीकर जोडायला हरकत नाही. व्होल्टभर दिसत असेल तर स्पीकर जोडलात की वूफर जळेल.

पेटी उघडणार असाल तर प्लग काढल्यावरही मोठे कपॅसिटर भरलेलेच असतात. १ किलोओहम, ५ वॉटचा रोधक त्यांच्या टोकांना इन्सुलेटेड चिमट्यानं मिनिटभर धरून ते रिकामे करा आणि मीटरनं खात्री करा. सिरीज बोर्ड वापरायची सवय नसेल तर हे काम जाणकाराच्या हातून करून घ्या. खरखरणाऱ्या कळींवर कॉन्टॅक्ट क्लीनर मारून त्या वीस-तीस वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. तरीही कळ फिरवताना खरखर राहिली तर कळीवर डीसी येतोय, म्हणजे आधीच्या टप्प्यातला कपलिंग कपॅसिटर गळतोय.

प्रश्न: घरच्या कॅसेटी आणि रेकॉर्डी संगणकात भरायच्या आहेत. हेडफोनच्या भोकातून घेऊ का?

अ‍ॅम्प्लिफायरवरचं 'टेप आउट' किंवा 'रेक आउट' वापरा. तिथे आवाजाच्या आणि बेस-ट्रेबलच्या कळींचा परिणाम होत नाही, फोनोचा वक्र मात्र लागलेला असतो, म्हणजे रेकॉर्ड, कॅसेट, रेडिओ सगळं एकाच केबलनं भरता येतं. संगणकाच्या बाजूला 'लाइन इन' हवं. माइकचं भोक इतक्या मोठ्या सिग्नलनं फाटतं, लॅपटॉपला लाइन इन नसेल तर यूएसबी ऑडिओ इंटरफेस घ्या. २४ बिट आणि ४८ किलोहर्ट्झ पुरे. सर्वांत मोठ्या आवाजाच्या जागी मीटर उणे ६ डेसिबलला टेकेल अशी पातळी ठेवा. शून्याला लागलेला भाग नंतर दुरुस्त होत नाही, कमी भरलेला मात्र वाढवता येतो. फाइल फ्लॅकमध्ये (दर्जा न घटवता आकार कमी करणाऱ्या प्रकारात) ठेवा, एमपी३ त्यातून केव्हाही काढता येते.

डॉल्बीवर भरलेली कॅसेट डॉल्बी लावूनच भरा आणि प्रत्येक कॅसेटीचं अ‍ॅझिमथ वर सांगितल्याप्रमाणे आधी जुळवा. पहिली पाच मिनिटं भरून थांबा, ती फाइल हेडफोन लावून ऐका आणि मगच उरलेली बाजू सुरू करा. एकच वाहिनी भरली जाणं, मोनोचं बटण चालू राहणं, डॉल्बी विसरणं, या तिन्ही चुका पहिल्या पाच मिनिटांत सापडतात.